उतरत्या कळेची सायफाय कथा: जग बुडवायची घाई करू नका

माझी पहिली डिस्टोपियन कथा, म्हणजे जग वाईट वळणाला लागलेल्या भविष्याची कथा, पहिल्याच ओळीत स्फोटाने सुरू झाली होती. आकाश लाल, शहर जळतंय, हिरो धावतोय, मागे बिल्डिंगा कोसळतायत. लिहिताना मलाच अंगावर काटा वगैरे आला होता. ती एका मित्राला वाचायला दिली, या मित्राने सगळं आयुष्य पाणीपुरवठ्याच्या कामात घालवलंय, सायफायशी, म्हणजे विज्ञानकथांशी, त्याचं काही देणंघेणं नाही, त्याने सगळी वाचली आणि म्हणाला, "बाकी ठीक आहे रे, पण स्फोटाला तीस वर्षं झाली म्हणतोस ना, मग यांच्या नळाला पाणी कुठून येतंय?" मी गप्प. कारण माझा हिरो पान तीनवर चक्क शॉवर घेत होता.

तेव्हापासून मी त्याच प्रश्नाच्या मागे आहे असं म्हटलं तरी चालेल. आता कुणी नवीन लिहिणारा विचारतो की माणसाच्या ऱ्हासावर सायफाय कशी लिहायची, तर मी म्हणतो जग कसं बुडालं ते नंतर बघू, आधी हे सांग की तुझ्या जगात बिघडलेली वस्तू दुरुस्त कोण करतं. उतरती कळा लागते ती अशीच, दुरुस्तीवाला एक दिवस येत नाही, मग पुढच्या आठवड्यात येईल म्हणतात, मग त्याचा फोन लागत नाही, आणि मग लोक त्या वस्तूशिवाय राहायला शिकतात.

एक कारण पकडा, एकच

पहिल्या ड्राफ्टमध्ये सगळ्यांचा एकच घोळ असतो. महामारी पण आहे, रोबोट पण उलटलेत, समुद्र पण वर आलाय आणि वरून अणुयुद्ध. पाच संकटं टाकली की एकाचाही हिशोब द्यावा लागत नाही ना, लेखकाला बरंच असतं ते, पण वाचक काही दूधखुळा नसतो. एक कारण घ्या आणि ते कागदावर शेवटपर्यंत मोजा. गणित चौथीतलं असलं तरी पुरतं.

मी जन्मदराचं उदाहरण घेतो कारण त्याचे आकडे सहज मिळतात. लोकसंख्या आहे तेवढी टिकायला बाईमागे सरासरी २.१ मुलं लागतात. दक्षिण कोरियात २०२३ साली हा आकडा ०.७२ होता. कथेसाठी आपण सगळ्या जगात सरळ १ धरू. म्हणजे चार आजीआजोबा, दोन आईबाप, एक पोर. दर पिढीला निम्मे. आज जगात वर्षाला साधारण १३ कोटी मुलं जन्मतात, पिढी ३० वर्षांची धरली तर ३० वर्षांनी साडेसहा कोटी, ६० वर्षांनी सव्वातीन, ९० वर्षांनी दीड कोटीच्या थोडं वर, आणि १२० वर्षांनी ८० लाख. एक गोळी सुटली नाही, एक व्हायरस आला नाही, आणि जन्म १३ कोटींवरून ८० लाखांवर. हे मी पहिल्यांदा मांडलं तेव्हा दोनदा तपासलं, वाटलं कुठेतरी शून्य चुकलं.

पण खरी गंमत पुढे आहे. जन्मदर २.१ च्या खाली गेला म्हणून लोकसंख्या लगेच कमी होत नाही, कारण आधीच्या मोठ्या पिढ्या अजून जिवंत असतात आणि त्यांची मुलं व्हायची असतात. जपानमध्ये जन्मदर १९७० च्या दशकाच्या मध्यात खाली गेला आणि लोकसंख्येने शिखर गाठलं २००८ च्या आसपास. चीनमध्ये तो १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला खाली गेला, प्रत्यक्ष घट सुरू झाली २०२२ मध्ये. म्हणजे तीसेक वर्षं अशी जातात की वरून बघणाऱ्याला सगळं वाढतंच आहे, नवीन टॉवर उभे राहतायत, रस्त्यावर गर्दी आहे आणि तळातून मात्र पाया सरकलाय. संयुक्त राष्ट्रांचा २०२४ चा अंदाज असा होता की जगाची लोकसंख्या २०८० च्या दशकात साधारण १०३० कोटींवर जाऊन मग उतरायला लागेल. तुमची कथा या फटीत ठेवा. सगळं उद्ध्वस्त झाल्यानंतरची कथा हजारांनी लिहिलीय, पण शिखरावर उभं राहून उतार पहिल्यांदा दिसलेला माणूस, हा फार कमी वेळा भेटतो.

मग क्रम लावा की काय आधी बंद पडेल. प्रसूतिगृह, पाळणाघर, शाळा, मग शिक्षक तयार करणारी कॉलेजं, वीस वर्षांनी सैन्याची भरती, चाळीस वर्षांनी कर भरणारा माणूस आणि साठ वर्षांनी म्हाताऱ्यांना उचलून बसवणारे हात. यातलं निम्मं कल्पनेने लिहायची पण गरज नाही. जपानमध्ये एका कंपनीने २०२४ मध्ये तिथल्या बाजारासाठी लहान मुलांचे डायपर बनवणं थांबवलं आणि मोठ्या माणसांच्या डायपरकडे लक्ष वळवलं. तिथेच २०२३ च्या मोजणीत साधारण ९० लाख घरं रिकामी निघाली. आणि शिकोकू बेटावर नागोरो नावाचं गाव आहे, तिथली शाळा २०१२ मध्ये बंद झाली, गावातल्या एका बाईने गेलेल्या माणसांच्या जागी माणसाएवढ्या कापडी बाहुल्या करून ठेवल्यात, बंद शाळेच्या वर्गात बाकांवर बाहुल्या बसलेल्या आहेत, आणि गावात आता माणसांपेक्षा बाहुल्या जास्त. हे मी कथेत लिहिलं असतं तर एडिटर म्हणाला असता जरा अति होतंय.

माहिती हरवते ती कशी हरवते

ऱ्हासाच्या कथेत एक ठरलेला सीन असतो, जळालेली लायब्ररी, पुस्तकांची राख आणि त्यासमोर गुडघे टेकून बसलेलं कुणीतरी. तो काढून टाका. ज्ञान जळून जातं त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा ते असंच निसटून जातं, आणि निसटलंय हे कुणाला कळतही नाही.

स्कर्व्हीचं बघा. खलाशांच्या हिरड्या सुजायच्या, दात पडायचे, जुन्या जखमा परत उघडायच्या, माणसं मरायची. १७४७ मध्ये जेम्स लिंड नावाच्या ब्रिटिश नौदलाच्या सर्जनने जहाजावर प्रयोग करून दाखवलं की संत्र-लिंबाने हा आजार हटतो. १७९५ पासून नौदलाने जहाजांवर लिंबाचा रस द्यायला सुरुवात केली आणि प्रॉब्लेम मिटला. इथे गोष्ट संपायला हवी ना? पण नाही. १८६० च्या दशकात त्यांनी पिवळ्या मोठ्या लिंबाच्या जागी छोटं हिरवं लिंबू आणलं, ते त्यांच्याच वसाहतीतून यायचं म्हणून सोयीचं होतं, आणि आंबट ते आंबट, फरक काय पडतो. फरक असा होता की ज्याच्या कमतरतेने स्कर्व्ही होतो ते क जीवनसत्त्व त्यात बरंच कमी असतं, वरून रस साठवताना आणि तांब्याच्या नळ्यांतून नेताना उरलेलंही जायचं. आणि हे कुणाच्या लक्षात आलं नाही कारण तोपर्यंत वाफेची जहाजं आली होती, प्रवास इतके छोटे झाले होते की स्कर्व्ही व्हायला वेळच मिळायचा नाही. मग १८७५ मध्ये एक ब्रिटिश मोहीम आर्क्टिकला गेली, लिंबाचा रस सोबत होता, आणि माणसं स्कर्व्हीने आडवी झाली. आता डॉक्टर लोक म्हणायला लागले की लिंबाचं ते जुनं काही खरं नसावं, हा आजार खराब झालेल्या डब्यातल्या मांसामुळे होतो. म्हणजे उत्तर सापडलेलं होतं, वापरात होतं, आणि तरी सुटलं. क जीवनसत्त्व खरंच हाताला लागलं ते १९३० च्या आसपास.

यात कथेचा अख्खा सांगाडा आहे बघा. एक उपाय, त्याचं खरं कारण कुणाला माहीत नाही, स्वस्तातला बदल, तो बदल लपवणारी दुसरी प्रगती, आणि शेवटी जुन्या लोकांनाच वेड्यात काढणं. लिंबाच्या जागी काहीही ठेवा, पाण्याचा फिल्टर ठेवा, बियाणं ठेवा, एखादी लस ठेवा. एकही व्हिलन लागत नाही.

दुसरं उदाहरण अजून भारी आहे. अमेरिकेच्या काही अण्वस्त्रांत फॉगबँक नावाचा पदार्थ वापरतात, तो नेमका काय आहे हे गुप्तच आहे. २००० च्या दशकात जुनी अस्त्रं दुरुस्त करायला तो परत बनवायची वेळ आली तेव्हा कळलं की बनवायचा कसा हेच कुणाला नीट माहीत नाही. नोंदी तुटपुंज्या, कारखाना कधीच बंद, जाणकार रिटायर झालेले. नवीन कारखाना उभारला, वर्षं गेली, पैसा गेला, माल जमेना. शेवटी उलगडा झाला तो असा की जुन्या पद्धतीत कच्च्या मालात एक अशुद्धी यायची, तीच कामाची होती, आणि नवीन पद्धतीत सफाई इतकी चांगली होती की ती निघून जायची. जुन्या कामगारांना सुद्धा माहीत नव्हतं की आपण ती घालतोय! हे जगातल्या सगळ्यात श्रीमंत सरकारचं झालं.

तेव्हा तुमच्या कथेत एखादं मशीन बंद पडलं आणि हिरोला मॅन्युअल सापडलं की लगेच ते चालू होतं असं करू नका राव. मॅन्युअल सापडू दे, पण त्यात पान ४० वर लिहिलेलं असू दे "नेहमीप्रमाणे घट्ट करा." नेहमीप्रमाणे म्हणजे किती, हे ज्या हाताला माहीत होतं तो हात गेला.

काय किती टिकतं याचा एक कागद करा

हे कंटाळवाणं काम आहे पण यावरच वाचक विश्वास ठेवतो. पेट्रोल नुसतं ठेवलं तर काही महिन्यांत खराब व्हायला लागतं, फारतर वर्ष काढेल, त्यामुळे वीस वर्षांनी रस्त्यात सापडलेली गाडी किल्ली फिरवली की सुरू, हे विसरा. जीपीएसचे उपग्रह २०,००० किलोमीटर वर आहेत, ते पडणार नाहीत, पण त्यांना जमिनीवरून रोज सुधारणा पाठवावी लागते, ती थांबली की सिग्नल येत राहील आणि हळूहळू खोटं सांगायला लागेल. हे मला फार आवडतं, डोक्यावर फिरणारं, खात्रीने चुकीचा रस्ता सांगणारं यंत्र. पाणी शुद्ध करायला क्लोरीन लागतं, ते कुठेतरी बनतं, तिथे वीज लागते, वीज न्यायला मोठे ट्रान्सफॉर्मर लागतात, ते शांततेच्या काळातही ऑर्डर दिल्यावर यायला वर्ष-वर्ष लागतं. एवढी साखळी ओढली तेव्हा कुठे तुमच्या नळापर्यंत आलात.

आणि उलट बाजू पण लिहा, जे अपेक्षेपेक्षा जास्त टिकतं. चेर्नोबिलच्या अणुवीज प्रकल्पातला स्फोट २६ एप्रिल १९८६ चा. दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारचं प्रिप्यात शहर रिकामं केलं, लोकांना सांगितलं तीन दिवसांचं सामान घ्या. ते तीन दिवस आजही संपलेले नाहीत. पण त्याच प्रकल्पातल्या उरलेल्या भट्ट्यांपैकी शेवटची डिसेंबर २००० पर्यंत वीज बनवत होती, म्हणजे भुताटकी झालेल्या शहराच्या बाजूला चौदा वर्षं माणसं रोज ड्युटीवर जात होती, डबा घेऊन, शिफ्ट संपली की परत. उतरत्या जगाचं चित्र मला तरी राखेपेक्षा या शिफ्टमध्ये जास्त दिसतं.

कॅरेक्टरला माहीत नसतं की तो डिस्टोपियात आहे

डॅनियल पॉली नावाच्या मत्स्यशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये एक गोष्ट मांडली, की मासे किती कमी झाले हे मोजताना शास्त्रज्ञांची प्रत्येक पिढी आपल्या करिअरच्या सुरुवातीला जेवढे मासे होते तेच मूळ धरते, त्यामुळे एकूण घसरण कुणालाच दिसत नाही. कथेत हे सोन्यासारखं आहे. तुमचा हिरो सारखा "पूर्वी किती छान होतं" म्हणत उसासे टाकत असेल तर थांबवा त्याला, त्याने पूर्वीचं बघितलेलंच नाही. त्याला आठवड्यातून दोन दिवस वीज म्हणजे चंगळ वाटते. दुःख वाचकाला व्हायला पाहिजे, त्याला नाही.

माझ्या एका ड्राफ्टमध्ये आधी हे होतं: "लिफ्ट केव्हाच मेली होती. संस्कृतीच्या या थडग्यात तो बावीस मजले चढत राहिला, माणसाच्या गमावलेल्या वैभवाचा विचार करत." आता हसू येतं. थडगं काय, वैभव काय. नंतर बदलून असं केलं: "लिफ्ट मंगळवारी चालते. मंगळवारी बावीसाव्या मजल्यावरच्या आजी खाली येतात, मेकॅनिककाकांना विचारतात की पुढच्या मंगळवारी आहे ना, आणि काका म्हणतात आहे की. काकांनी बाजूच्या तीन लिफ्टा खोलून ही चालू ठेवलीय. तिसरीतलं आता फक्त आरसा आणि बटणं उरलीत." थडगं गेलं, आणि आता वाचक स्वतःच मोजतो की पुढे काय होणार.

याच कथेत मला एक सत्ता पण हवी होती, कारण डिस्टोपिया म्हटलं की व्यवस्था आलीच, नुसता भंगार पसारा म्हणजे डिस्टोपिया नव्हे. (हा शब्द तसा राजकारणातूनच फिरला, जॉन स्टुअर्ट मिलने १८६८ मध्ये ब्रिटिश संसदेत आयर्लंडच्या धोरणावरून सरकारला टोमणा मारताना वापरला होता.) आधी मी एक काळा कोट घातलेला हुकूमशहा ठेवला होता, तो पानोपानी भाषणं द्यायचा, मलाच झोप यायची. त्याला काढलं आणि एक नियम ठेवला: ज्या वस्तूचा वापर चाळीस किंवा जास्त माणसं करतात तीच दुरुस्त केली जाईल. बघा, नियम वाईट वाटत नाही, सुटे भाग कमी आहेत, कुठेतरी रेघ मारायलाच हवी, मी त्या कमिटीत असतो तर मीही सही केली असती. पण आता त्या बिल्डिंगमध्ये एक्केचाळीस माणसं आहेत. मग एक जण जातो, चाळीस. मग एका रात्री बावीसाव्या मजल्यावरच्या आजी जातात, आणि सकाळी सगळी बिल्डिंग जिन्यात जमते आणि कुणीही मोठ्याने काही बोलत नाही, फक्त मेकॅनिककाका म्हणतात, मोजणीवाला गुरुवारी येणार आहे. पुढचा सगळा प्लॉट मला आपोआप मिळाला. नियम शोधताना एवढंच तपासा की तो बनवणाऱ्याचं म्हणणं तुम्हाला स्वतःला अर्धं तरी पटतंय का. अजिबात पटत नसेल तर नियम फालतू आहे.

नवीन शब्द बनवायचा मोह सगळ्यांना होतो. तीन-चार ठीक, पन्नास केलेत तर वाचक पळेल. त्यापेक्षा जुन्या शब्दाचा अर्थ सरकवा. माझ्या त्या बिल्डिंगमध्ये "कॉल करणे" म्हणजे बाल्कनीत येऊन खालच्याला हाक मारणे. "चार्ज होणे" म्हणजे उन्हात बसणे. समजावून सांगायचं नाही, दोनदा वापरलं की कळतं.

टेक्नॉलॉजी किती दाखवायची हा वाद नेहमी होतो, माझं मत विचाराल तर भविष्यातली चकचकीत वस्तू एखादीच असू दे आणि तीही वापरून झिजलेली.

शेवटचा माणूस मारू नका. पृथ्वीवरचा शेवटचा मनुष्य टेकडीवर बसून सूर्यास्त बघतोय, हा शेवट आपल्यापैकी प्रत्येकाने एकदा लिहिलेला असतो, लिहा आणि ड्रॉवरमध्ये टाका. जगाचा शेवट करायची जबाबदारी तुमच्यावर नाहीये. शेवट एखाद्या साध्या कामाच्या दिवशी करा, मोजणीवाला आला, वही उघडली, आकडा लिहिला. कुठला आकडा लिहिला ते सांगायचं की नाही यावर मी तीन आठवडे घालवलेत, शेवटी नाही सांगितलं, त्याऐवजी लिफ्टचा आवाज ठेवला.

ड्राफ्ट झाला की पेन्सिल घेऊन बसा आणि कथेतली प्रत्येक वस्तू अधोरेखित करा. दिवा, बूट, चष्मा, औषध, दाराची कडी. प्रत्येकीसमोर समासात लिहा की ही शेवटची कुणी दुरुस्त केली आणि भाग कुठून आणला. जिथे उत्तर सुचत नाही तिथे एकतर वस्तू उडवा नाहीतर थांबून नीट बघा, कारण बऱ्याचदा तिथेच पुढचा सीन दबा धरून बसलेला असतो. चष्म्याचं मला असंच सापडलं, एका कुटुंबात तिघांत एक चष्मा, आणि नंबर तिघांचाही वेगळा.

ती पहिली स्फोटवाली कथा पण मी नंतर अशीच पेन्सिलीने पिंजून काढली. स्फोट गेला, लाल आकाश गेलं, धावणारा हिरो आता चालतो. पान तीनवरचा शॉवर मात्र अजून आहे, हिरो त्याला टॉवेल अडकवतो.